दिव्यांग प्रमाणपत्राच्या अपिलाचा निकाल आला : तो कसा वाचायचा आणि पुढची पावलं कुठल्या क्रमाने टाकायची

माझ्या भावाच्या अपिलाचा कागद आला तेव्हा आम्ही तो दारातच उघडला. दोन पानं, खाली गोल शिक्का, आणि शेवटच्या ओळीत ‘सबब अपील निकाली काढण्यात येत आहे’. आईने विचारलं, “म्हणजे नाही म्हणाले ना?” मी हो म्हटलं. कागद ट्रंकेत गेला. सात महिन्यांनी ओळखीच्या एका वकीलताईंनी तो वाचला आणि त्याच वाक्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. भावाने नव्याने तपासणीसाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डासमोर हजर राहावं, असा तो आदेश होता. तारीखही दिलेली होती. ती उलटून सहा महिने झाले होते.

तेव्हापासून मी आमच्या तालुक्यात लोकांचे असे कागद वाचून देते. चुका त्याच त्याच होतात. लोक शेवटची ओळ वाचून हरतात किंवा टक्के बघून जिंकतात, आणि मधलं सगळं सुटतं. हा लेख त्या मधल्या भागासाठी आहे. अपील कसं करायचं हे यात नाही. अपिलाचा निर्णय हातात आल्यावर काय करायचं, तेवढंच सांगते.

टप्पा १ : अपील कशाविरुद्ध होतं, ते आधी पक्कं करा

आपल्याकडे दोन वेगळी कार्यालयं दोन वेगळे निर्णय घेतात, आणि लोक दोन्हींना ‘अपंगाचं काम’ म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला निर्णय वैद्यकीय. सिव्हिलचं बोर्ड तपासतं आणि टक्के लिहून प्रमाणपत्र देतं, किंवा दिव्यांगत्व आढळत नाही असं लेखी कळवतं. हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५८ खाली चालतं. त्यावर नाराज असाल तर कलम ५९ खाली राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.

दुसरा निर्णय महसूल खात्याचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तालुक्याची समिती मंजूर किंवा नामंजूर करते आणि पत्र तहसीलमधून येतं. तिथे टक्क्यांबरोबर उत्पन्न, वय आणि महाराष्ट्रातला रहिवास हेही बघतात. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक काका माझ्याकडे आले. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद, चेहऱ्यावर आनंद. अपील मान्य झालं होतं, ५२ चे ५८ टक्के पडले होते. दोन महिने झाले तरी ‘निराधारचा पगार’ मात्र चालू होत नव्हता. तहसीलचं जुनं पत्र काढून बघितलं तर नामंजुरीचं कारण उत्पन्नाचा दाखला होतं. टक्के आधीपासून पुरेसे होते. वर्षभर त्यांनी सिव्हिलच्या ज्या चकरा मारल्या, त्यांचा पैशांशी संबंधच नव्हता.

तपासा : आदेशाच्या वरच्या भागातली ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ ही दोन कलमं वाचा. संदर्भात तुमच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असेल तर निर्णय टक्क्यांबद्दल आहे. तहसीलच्या पत्राचा जावक क्रमांक असेल तर तो योजनेबद्दल आहे. आता तुमचा लाभ कुठल्या कारणाने अडला होता ते आठवा. दोन्ही जुळत नसतील तर निकाल कसाही लागला तरी ते काम बाकीच आहे, आणि त्यासाठी वेगळी फाइल लागेल.

टप्पा २ : वाचायच्या आधीची तयारी

पाकीट फाडून फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे कागद तुम्हाला कधी मिळाला याचा पुरावा. पुढच्या कुठल्याही मुदतीत ही तारीख कामाला येते, आणि आदेशावर छापलेली तारीख तिच्या आधीची असते. हातात दिला असेल तर झेरॉक्सवर ‘अमुक तारखेला मिळाला’ असं लिहून सही करा. मूळ प्रतीवर पेन लावू नका.

पानं मोजा. सही, शिक्का आणि जावक क्रमांक तिन्ही आहेत का बघा. ‘सोबत’ असं लिहून खाली बोर्डाचा तपासणी अहवाल जोडल्याचा उल्लेख असेल तर तो खरंच जोडलाय का पाहा. बऱ्याचदा आदेशाचं एकच पान येतं आणि अहवाल कार्यालयातच राहतो. खरी कारणं त्या अहवालातच असतात.

मग एका जागी एवढं ठेवा : पहिलं प्रमाणपत्र किंवा नकाराचं पत्र, अपिलाच्या अर्जाची पोच, तपासणीला हजर राहिल्याचा केसपेपर, एक्स-रे, ऑडिओग्राम (कानाचा तपास) किंवा डोळ्यांचा जो काही तपास झाला असेल त्याचे रिपोर्ट, आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र).

निकाल फोनवर किंवा खिडकीवर तोंडी सांगितला असेल तर तो निकाल आला असं धरू नका. “तुमचं झालं नाही, नवीन फॉर्म भरा” या तोंडी वाक्यावर लोक परत पहिल्यापासून रांगेत लागलेले मी पाहिलेत. साध्या कागदावर लेखी प्रत मागा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. तरीही मिळाली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून गाऱ्हाणं लिहीत बसू नका. ‘माझ्या अमुक तारखेच्या अपिलावरील आदेशाची व तपासणी अहवालाची साक्षांकित प्रत’ एवढंच मागा. कागद तुमच्याच तपासणीचा आहे. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून तो तुम्हालाच नाकारता येत नाही.

सावध : मूळ आदेश किंवा प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. नंतर त्यावर शेरा किंवा शिक्का मारायची वेळ आली की तेच प्लॅस्टिक अडचण करतं.

टप्पा ३ : ‘सबब’ शोधा आणि तिथून खाली वाचा

आदेशाची पहिली दीड पानं म्हणजे तुम्ही कोण, अर्ज कधी केला, बोर्डाने काय म्हटलं. निर्णय ‘सबब’, ‘त्याअर्थी’ किंवा मधोमध लिहिलेल्या ‘आदेश’ या शब्दानंतर सुरू होतो. त्याखालची प्रत्येक ओळ वेगळी वाचा. एका आदेशात दोन-तीन गोष्टी सांगितलेल्या असतात आणि शेवटची त्यातली सर्वात कमी महत्त्वाची असते.

शब्दांचे अर्थ असे लावा.

*अपील मान्य* : तुमचं म्हणणं पटलं. पण काय पटलं ते पुढे वाचा. टक्के वाढवले, की फक्त पुन्हा तपासा म्हटलं? दोन्हींसाठी ‘मान्य’ हाच शब्द वापरतात.

*अंशतः मान्य* : मागितलं त्यातलं काही दिलं. उदाहरणार्थ, टक्के तेच ठेवले पण ‘तात्पुरते’चं ‘कायमस्वरूपी’ केलं. लोक टक्के हलले नाहीत म्हणून हिरमुसतात. पण दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहणं सुटलं, ही लहान गोष्ट नाही.

*अमान्य, फेटाळण्यात येते, मूळ निर्णय कायम* : तिन्हींचा अर्थ एकच. पण का फेटाळलं त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. तो भाग टप्पा ८ मध्ये येईल.

*निकाली काढण्यात येते* : आमचा घात केला तो हा शब्द. त्याचा अर्थ एवढाच की त्या कार्यालयापुरतं प्रकरण संपलं. तुमच्या बाजूने संपलं की विरुद्ध, ते वरच्या ओळींत असतं. ‘अर्जदाराची फेरतपासणी करावी… सबब अपील निकाली’ हा तुमच्या बाजूचा आदेश आहे. ‘अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही… सबब अपील निकाली’ हा विरुद्ध.

*दप्तरी दाखल किंवा नस्तीबद्ध* : फाइल बंद करून ठेवली. बहुतेक वेळा तुम्ही तारखेला गेला नाहीत किंवा मागितलेला कागद दिला नाहीत म्हणून. तुमचं दुखणं कुणी तपासलेलंच नसतं. याला हार समजू नका.

तपासा : ‘आदेश’च्या खालच्या ओळींत एखादी तारीख, ‘पासून … दिवसांत’ असा शब्दप्रयोग किंवा ‘अर्जदाराने … करावे’ असं वाक्य आहे का? असेल तर ते आजच कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे लिहिलं असतं तर भावाचं वर्ष वाचलं असतं.

टप्पा ४ : कारणं वाचा

आता मागे या आणि मधला परिच्छेद वाचा. मी पेन्सिलने झेरॉक्सवर तीन प्रश्न लिहिते. बोर्डाने माझे कुठले रिपोर्ट पाहिले? अंगाचा कुठला भाग तपासला? कुठल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टक्के काढले?

तिसरा प्रश्न लोक सोडून देतात. टक्के डॉक्टरांच्या मनावर नसतात. प्रत्येक प्रकारासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तक्ते दिलेले आहेत. आधीच्या सूचना जानेवारी २०१८ च्या होत्या, सुधारित सूचना मार्च २०२४ मध्ये आल्या. तुमचं पहिलं प्रमाणपत्र जुन्या तक्त्यावर आणि अपिलातली तपासणी नव्यावर झाली असेल तर आकडा बदलण्याचं ते एक कारण असू शकतं. प्रमाणपत्रावर सूचनांचा क्रमांक आणि तारीख लिहायची जागा असते. ती रिकामी असेल तर तेवढ्याच मुद्द्यावर दुरुस्ती मागता येते.

एक उदाहरण देते, कारण ते फार जणांना दुखावतं. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही पण दुसरा डोळा चांगला आहे, अशा माणसाला २०१८ च्या तक्त्यानुसार ३० टक्के पडतात. रात्री गाडी चालवता येत नाही, कारखान्यात घेत नाहीत, हे सगळं खरं. पण तक्ता ३० वर थांबतो. अशा वेळी तिसऱ्यांदा डोळे तपासून घेण्यात पैसे घालवू नका. निकाल चुकलेला नाही, नियम तोकडा आहे. दोन्हींशी लढायच्या जागा वेगळ्या आहेत.

कारणंच लिहिलेली नसतील, नुसतं ‘तपासणीअंती मूळ निर्णय योग्य आढळला’ असं एक वाक्य असेल, तर तोच तुमचा सर्वात मजबूत मुद्दा. नकार लेखी आणि कारणांसह कळवायचा, असं नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात बोर्डांना बजावलं की उमेदवाराला अपात्र ठरवताना कारणं नोंदवलीच पाहिजेत, नुसता टक्क्यांचा आकडा पुरेसा नाही.

टप्पा ५ : टक्क्यांचा हिशेब स्वतः मांडून बघा

दोन व्यंगं असली की लोक बेरीज करतात. पायाचे २८, कानाचे १५, झाले ४३, मग बोर्डाने ३८ कसे लिहिले? चूक बोर्डाची नाही. दोन आकडे सरळ मिळवत नाहीत. सूत्र असं आहे : मोठा आकडा तसाच घ्या. ९० मधून तो वजा करा. उरलेल्याला लहान आकड्याने गुणा, ९० ने भागा, आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवा.

२८ आणि १५ साठी : ९० वजा २८ म्हणजे ६२. बासष्ट गुणिले १५ म्हणजे ९३०. त्याला ९० ने भागलं की १०.३३. अठ्ठावीसमध्ये मिळवले की ३८.३३. म्हणजे चाळीसच्या खाली.

३० आणि २० साठी : ६० गुणिले २० भागिले ९०, म्हणजे १३.३३. एकूण ४३.३३. म्हणजे चाळीसच्या वर.

वहीत मांडून बघा. उत्तर प्रमाणपत्राशी जुळलं तर या मुद्द्यावर भांडू नका. जुळलं नाही, किंवा दुसरं व्यंग हिशेबातच धरलेलं नाही असं दिसलं, तर ही हिशेबाची चूक आहे. त्यासाठी नव्याने अपील लागतंच असं नाही. आधी त्याच कार्यालयाकडे लेखी दुरुस्ती मागा आणि अर्जाला तुमची आकडेमोड जोडा.

आकड्याचं महत्त्व दोन ठिकाणी आहे. ४० टक्के आणि त्यावर : कायद्याच्या भाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के, संजय गांधी योजना (ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये), एसटीची ७५ टक्के सवलत. ८० टक्के आणि त्यावर : दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन, आणि जुन्या करप्रणालीत आयकराची वजावट ७५,००० ऐवजी १,२५,००० रुपये. म्हणून ४५ चे ५५ व्हावेत यासाठी दुसऱ्यांदा लढण्याआधी थांबून विचार करा. त्या दहा टक्क्यांनी तुमच्या हातात नवं काय येणार आहे? काही येत नसेल तर ती ताकद तहसीलच्या कामाला लावा. फेरतपासणीत आकडा खालीही येऊ शकतो, हेही धरून चला.

सावध : “टक्के वाढवून देतो” म्हणणारा माणूस बोर्डाच्या दिवशी सिव्हिलच्या चहाच्या टपरीवर भेटतोच. खोटेपणाने लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ते तुम्हाला. टपरीवाला तोवर दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

टप्पा ६ : नवं प्रमाणपत्र खिडकी सोडायच्या आत तपासा

अपिलात टक्के बदलले की नवं प्रमाणपत्र मिळतं. घरी जाऊन बघू असं म्हणू नका. चूक खिडकीवर सापडली तर दहा मिनिटांत सुटते, घरी सापडली तर पुढच्या बोर्डाच्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. मी लोकांना या क्रमाने बघायला सांगते :

१. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का. एका मात्रेचाही फरक नको.

२. प्रकार. कायद्यात २१ प्रकार आहेत. आदेशात लिहिलाय तोच इथे आलाय का?

३. अवयव आणि बाजू. डावा की उजवा. ही चूक वाटते त्याहून जास्त होते. एका मुलीच्या प्रमाणपत्रावर उजव्या हाताऐवजी डावा आला होता आणि नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत तिला दोन महिने थांबावं लागलं.

४. टक्के अंकात आणि अक्षरात. दोन्ही एकच हवेत, आणि शिक्क्याची शाई नेमकी आकड्यावर पडलेली नको.

५. कायम की तात्पुरतं. पुनर्मूल्यांकन ‘आवश्यक नाही’ की ‘अमुक वर्षांनी’, आणि वैधतेची तारीख. आदेशात कायमस्वरूपी म्हटलं असताना प्रमाणपत्रावर जुनाच नमुना भरून तारीख टाकली जाते. इथे डोळ्यात तेल घालून बघा.

६. डॉक्टरांच्या सह्या, नोंदणी क्रमांक, शिक्का.

तपासा : आदेश डाव्या हातात, प्रमाणपत्र उजव्या हातात धरून एकेक ओळ जुळवा. फरक दिसला तर तिथेच दाखवा. “नंतर करून देतो” म्हटलं तर दुरुस्तीचा दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्या.

टप्पा ७ : मान्य झालं असेल तर या क्रमाने पुढे जा

हा क्रम उलटा केला की कागद परत येतात, म्हणून सांगते.

आधी यूडीआयडी. नवे टक्के यूडीआयडीच्या सरकारी वेबसाइटवर, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर, चढल्याशिवाय पुढचं कुठलंही काम करू नका. हल्ली जिथे जाल तिथे क्रमांक टाकून पडद्यावर बघतात, आणि तिथे जुना आकडा दिसला की हातातल्या कागदाला कुणी विचारत नाही. कार्डाच्या रंगावरून पटकन कळतं : ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. अपिलात ३६ चे ४४ झाले आणि कार्ड अजून पांढरंच असेल तर नोंद बदललेली नाही.

मग तहसील. नव्या प्रमाणपत्राची आणि यूडीआयडीची प्रत जोडून संजय गांधी शाखेत अर्ज द्या. आधीचा अर्ज टक्क्यांवरून नामंजूर झाला असेल तर त्या पत्राचा जावक क्रमांक अर्जात लिहा. अपिलाचा निकाल तहसीलला आपोआप जात नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. मागच्या महिन्यांचे पैसे मिळतील असंही गृहीत धरू नका, कारण टक्क्यांच्या आदेशात पैशांबद्दल अक्षरही नसतं. समितीच्या मंजुरीपत्रात लाभ कुठल्या तारखेपासून आहे ते वाचा.

बँकेचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे मंजुरी यायच्या आतच बघून घ्या. पैसे थेट खात्यात येतात, आणि जोडणी नसेल तर मंजुरी होऊनही खात्यात शून्य. त्यानंतर एसटी, कॉलेज, नोकरीचं ठिकाण, कर, जिथे जे लागू असेल ते.

जुनं प्रमाणपत्र परत मागितलं तर द्या, पण आधी झेरॉक्स काढा आणि जमा केल्याची पोच घ्या.

टप्पा ८ : फेटाळलं असेल तर कारण बघून वाट निवडा

*मुदत उलटली म्हणून.* उशीर का झाला त्याचा पुरावा आहे का? दवाखान्यात भरती होता, पत्र उशिरा मिळालं (पाकिटावरचा शिक्का!), असं काही. असेल तर विलंब माफ करण्याची विनंती लेखी करा.

*गैरहजर किंवा कागद अपुरे म्हणून.* हजर का राहता आलं नाही ते लिहून पुन्हा तारीख मागा. आम्ही हेच केलं. सहा महिने उशिरा, एका पानाचा अर्ज, सोबत भावाच्या त्या काळातल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. तारीख मिळाली.

*तपासणी होऊन तोच आकडा आला म्हणून.* इथे स्वतःला प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारा. तपासणीच्या वेळी जो रिपोर्ट नव्हता तो आता आहे का, किंवा त्यानंतर प्रकृती बिघडली आहे का? असेल तर नव्या कागदांसह नवा अर्ज हा सरळ रस्ता. दिव्यांग हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर अर्जापासून तीन महिन्यांत प्रमाणपत्र किंवा कारणांसह नकार मिळायला हवा. नवीन काहीच नसेल तर त्याच कागदांवर पुन्हा रांग लावण्यात अर्थ नाही.

*२१ प्रकारांत बसत नाही म्हणून.* निदानाचा कागद नीट बघा. अनेकदा आजाराचं नाव यादीत नसतं, पण त्याने आलेलं व्यंग असतं. संधिवात यादीत सापडणार नाही. त्याने सांधे आखडून चालणं-धरणं गेलं असेल तर ते अस्थिव्यंगात मोजता येतं का, हे अस्थिरोग तज्ज्ञांकडून लिहून घ्या.

*वागणूक आणि विलंबाबद्दल* : लेखी कारण देत नाहीत, तारखा देत नाहीत, व्हीलचेअर आत नेता येत नाही अशा खोलीत तपासतात, अशा तक्रारी पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येतात. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. आयुक्त स्वतः टक्के वाढवत नाहीत, ती अपेक्षा ठेवून जाऊ नका.

*उच्च न्यायालय* शेवटी. तिथे न्यायमूर्ती तुमचा पाय तपासणार नाहीत. निर्णय नियमाने झाला का, कारणं दिली का, तुमचं ऐकलं का हे बघतील, आणि चूक वाटली तर दुसऱ्या बोर्डाकडून फेरतपासणीचा आदेश देऊ शकतात. म्हणून टप्पा ४ मधली कारणांची टिपणं इथे सोन्याच्या मोलाची ठरतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, यांतलं तुमच्या जिल्ह्यासाठी जे असेल ते. फार उशीर करू नका, उशिराचं कारण तिथेही विचारतात.

वकिलाच्या फीमुळे इथवर येऊन बरेच जण थांबतात. थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयाच्या इमारतीतच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. जाताना अपिलाचा आदेश, तपासणी अहवाल, पोस्टाचं पाकीट आणि पेन्सिलने तीन प्रश्न लिहिलेली ती झेरॉक्स घेऊन जा. मूळ कागद दाखवा, पण तिथे ठेवून येऊ नका.